चार नंबरच्या टेबलावरचं युद्ध

कारखान्याच्या सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये एक रजिस्टर असतं. त्याचं नाव ‘निअर मिस’. अपघात झाला नाही, पण होता होता राहिला, त्याची नोंद त्यात करायची. वरून पाना निसटला, डोक्यात पडायचा तो खांद्याजवळून गेला... लिहा! पाय घसरला, पण रेलिंग हाताला लागलं... लिहा! बोईसरच्या एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यात एकोणीस वर्षं मी हेच करतोय. घडलेल्या गोष्टींपेक्षा न घडलेल्या गोष्टींचाच ढीग माझ्याकडे मोठा!

पण त्या दोन-तीन आठवड्यांत आमच्या कॅन्टीनच्या चार नंबरच्या टेबलावर जे झालं, त्याला त्या रजिस्टरात रकानाच नाही. म्हणून इथे सांगतोय.

ते दिवस तुम्हालाही आठवत असतील. सीमेपलीकडून आलेल्यांनी आपली माणसं मारली होती, आणि देशभर एकच विषय चालू होता. हल्ला करायचा की नाही? केला तर पुढे काय? दिल्लीत मोठी माणसं बंद दाराआड बसून ठरवत असतील. आम्ही रोज दुपारी एक ते दीड, दार सताड उघडं ठेवून, डाळभात खाता खाता ठरवत होतो.

टेबलाला खुर्च्या पाच. एकीवर खैरनार, प्रॉडक्शनचा शिफ्ट इन्चार्ज, जळगावकडचा. आवाज असा की रिअ‍ॅक्टर चालू असतानाही या माणसाला वॉकीटॉकी लागत नाही. दुसरीवर सुभेदार, साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर होऊन आमच्या सिक्युरिटीचे प्रमुख झालेले. तिसरे बॉयलरवाले मिश्राजी. बावीस वर्षं बोईसरमध्ये आहेत, मराठी सगळी कळते, बोलतात हिंदीच. चौथी अंकिता, लॅबमधली केमिस्ट, रोज सफाळ्याहून ये-जा करणारी, वयाने सगळ्यांत लहान आणि तोंडाने सगळ्यांत फटकळ. पाचवा मी, साळुंखे.

आणि वाढायला वनिताताई. इथल्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. डाळीचं भांडं कमरेवर असं घेतात की घागरच घेतलीय वाटावं. टेबलाला एवढंच ठाऊक होतं की त्यांचा नवरा ‘बोटीवर असतो’.

खरं काय ते मला माहीत होतं. तुम्हालाही आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं हसण्यावारी जाईल. त्यांचा नवरा जयवंत गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. इंजिन बंद पडलं, बोट वाहत गेली आणि पाण्यातली हद्द ओलांडून पलीकडे पोचली. तिकडच्यांनी धरलं. तेव्हापासून तो तिकडच्या मोठ्या बंदराच्या शहरात, तुरुंगात. शिक्षा कधीच संपलेली. सुटकेची नवी यादी झाली होती, तिच्यात त्याचं नाव होतं. आज-उद्या सीमेवरच्या फाटकातून सोडतील, इतकं जवळ आलं होतं. आणि नेमके हे दिवस उगवले.

मला कसं माहीत? कारण त्याला पाठवायची पत्रं मी लिहायचो. “टेबलावर सांगू नका, भाऊ,” वनिताताईंनी मला बजावलं होतं. “सांगितलं की सगले माज्यासमोर तोंड सांभालून बोलतील. मग मला खरं कसं कलनार?”

टीव्हीवर त्यांचा विश्वास नव्हता. चार नंबरच्या टेबलावर होता. “तुमी शिकलेले लोक,” त्या म्हणायच्या. आता बोला!

*

पहिल्याच दिवशी खैरनारने टेबलावर नकाशा मांडला. आपलं ताट म्हणजे आपला देश. दोन चमचे आडवे ठेवले, ती सीमा. पलीकडे मिठाची डबी ही त्यांची राजधानी, पाण्याचा जग म्हणजे डोंगर, आणि लाल झाकणाची लोणच्याची बरणी म्हणजे त्यांचं समुद्राकाठचं मोठं बंदर.

“हे बघा,” भेंडीची फोड उचलून तो म्हणाला, “हे आपलं विमान. इथून उठलं, मिठावर एक टाकला, बरणीवर दोन टाकले, आणि चहाच्या वेळेला परत!”

भेंडी दोनदा घिरट्या घालून खैरनारच्या तोंडात उतरली.

सुभेदारांनी घास गिळला. “किती दिवस?”

“दिवस कसले? म्हटलं ना, चहापर्यंत!”

“ते तुमचं झालं. तुम्ही चहाला आलात, म्हणून ते काय तिकडे ताटं घासत बसणार आहेत? ते येणार. मग तुम्ही परत जाणार. मग ते परत येणार. किती दिवस?”

खैरनार उखडला. “सुभेदार, तुम्ही फौजी माणूस असून असं बोलता? मग सीमेवर तुम्ही केलं काय?”

“कांदा पोचवला,” सुभेदार म्हणाले. “सोळा वर्षं सप्लायमध्ये होतो. बंदुकीला गोळी नाही मिळाली तर ती गप्प पडून राहते. जवानाला कांदा नाही मिळाला तर तो गप्प राहत नाही. म्हणून विचारतो, किती दिवस? त्या हिशेबाने कांदा भरावा लागतो!”

टेबल खो खो हसलं. वनिताताई भांडं घेऊन उभ्याच होत्या. त्या नकाशाकडे बघत होत्या.

“बंदर म्हंजी ही बरनी का?” त्यांनी विचारलं.

“करेक्ट, ताई! तुम्हाला बरं कळलं!” खैरनार म्हणाला.

मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

*

त्याच आठवड्यात पत्र लिहायला बसलो. कॅन्टीन आवरून झालं की अडीचच्या सुमाराला आम्ही कोपऱ्यातल्या बाकावर बसायचो. पत्र हिंदीत लिहायचं आणि साधं लिहायचं, कारण ते वाटेत उघडून वाचतात. आमचेही वाचतात, त्यांचेही वाचतात.

“लिवा,” वनिताताई सांगायला लागल्या. “आई बरी हाय. यंदा बोंबील चांगले सुकले. तुजी सायकल कुनाला दिली नाय, पोत्यात बांधून माल्यावर ठेवलीय. गंज नाय चडला.”

मी लिहिलं.

“आता लिवा, युद्ध होनार का?”

मी पेन थांबवलं. “अहो ताई, असलं काही लिहायचं नसतं! आणि तो बिचारा तिथे चार भिंतींत. त्याला काय माहीत युद्ध होणार की नाही?”

“त्याला नसंल म्हायती,” वनिताताई म्हणाल्या. “पन जो साहेब ते पत्र वाचतो ना, त्याला असंल की!”

ते वाक्य मी लिहिलं नाही, पण उत्तर मलाही हवं होतं. पत्रं अजूनही मीच लिहितो.

*

रोज तेच भांडण ऐकून अंकिता वैतागली. “आता मतदान घ्या,” ती म्हणाली. “हल्ला करावा असं ज्याला वाटतं त्याने वाटी सुलटी ठेवायची. नको वाटतं त्याने पालथी घालायची. विषय संपला.”

खैरनारची वाटी दणकन सुलटी बसली. मिश्राजींनी ‘राम राम’ म्हणत पालथी घातली. अंकितानेही पालथी घातली. सुभेदारांनी वाटी कडेवर उभी धरली आणि म्हणाले, “आधी दिवस सांगा.”

राहिलो मी. खोटं कशाला सांगू? मारलेल्या माणसांच्या बायकांचे चेहरे टीव्हीवर बघून माझंही डोकं फिरलं होतं. जयवंतचं सगळं माहीत असूनसुद्धा मी वाटी सुलटी ठेवली.

दोन विरुद्ध दोन, एक कडेवर!

एवढ्यात वनिताताई डाळ घेऊन आल्या. आमच्या कॅन्टीनचा नियम असा की डाळ एकदाच फिरते. चुकली की गेली, मग कोरडा भात.

“पालथ्या वाटीत वाडू कशी? मी परत येनार नाय हां!”

मिश्राजींनी निमूटपणे वाटी सुलटी केली. अंकिताने केली. सुभेदारांचीही कडेवर होती ती सरळ बसली. पाचही वाट्या भरल्या.

“बिनविरोध!” खैरनारने टेबलावर थाप मारली. “पाच विरुद्ध शून्य!”

“डाळीपुढे सगळे सारखे,” अंकिता पुटपुटली.

कशाला हसताय म्हणून वनिताताईंनी विचारलं. खैरनारने हौसेने सगळं समजावून सांगितलं, सुलटी म्हणजे काय, पालथी म्हणजे काय. त्यांनी पाचही भरलेल्या वाट्यांवरून नजर फिरवली.

“माजी वाटी कुठं हाय?”

वाढणाऱ्याची वाटी टेबलावर नसते. वनिताताई भांडं सावरत पाच नंबरच्या टेबलाकडे गेल्या.

*

मिश्राजी वादात पडत नाहीत. एकदाच पडले.

खैरनार सांगत होता, “युद्ध कशाला पाहिजे? थोडं प्रेशर वाढवायचं. सैन्य हलवायचं, विमानं फिरवायची. टरकतील आणि येतील सरळ!”

मिश्राजींनी पोळीचा तुकडा खाली ठेवला. “खैरनारजी, बाईस साल से बॉयलर चला रहा हूँ. प्रेशर चढ़ाने की तनखा मुझे कोई नहीं देता. वो तो आग लगाओ, अपने आप चढ़ता है. तनखा मिलती है उतारने की.”

“बरोबर आहे,” सुभेदार म्हणाले.

“और यहाँ तो बॉयलर दो हैं,” मिश्राजी म्हणाले. “दूसरे का गेज हमको दिखता ही नहीं!”

खैरनार मात्र थांबला नाही. “मग काय करायचं?” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. “मारली ना त्यांनी आपली माणसं? फिरायला गेलेली, बायकापोरांसोबतची साधी माणसं! आज गप्प बसलो तर उद्या परत येतील. गप्प बसायचेही काही परिणाम असतात की नसतात? ते कोण मोजणार?”

मिश्राजींनी पोळीचा तुकडा उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला.

*

आता माझी फजिती.

वरून हुकूम आला, हवाई हल्ल्याचा सराव करायचा. दुपारी चारला सायरन. मी स्वतः तीन रंगांत नोटीस लिहून बोर्डावर लावली. सायरन वाजला की दिवे बंद करा, आत थांबा, काचेपासून लांब राहा, मजबूत काहीतरी बघून त्याच्याखाली बसा. इतकी सोपी नोटीस मी आयुष्यात लिहिली नव्हती.

चार वाजले. सायरन वाजला.

आणि एकशे साठ माणसं धावत बाहेर आली!

चूक त्यांची नाही. केमिकलच्या कारखान्यात सायरन म्हणजे गॅस लीक. एकोणीस वर्षं मीच घोटून घेतलंय. नाकाला ओला रुमाल लावा, वर बघा, वाऱ्याची पिशवी कुठल्या दिशेला फुगलीय ते बघा, वारा चुकवून मोकळ्या मैदानात जमा व्हा. पायांना तेवढंच माहीत. माझ्याही पायांना! मी स्वतः सगळ्यांच्या पुढे धावलो आणि मैदानात जाऊन स्टॉपवॉच बंद केलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. रेकॉर्ड!

डिपार्टमेंटवार सरळ रांगा लागल्या होत्या. डोक्यावर निळं आभाळ, ढगाचा ठिपका नाही.

सुभेदारांनी वर बघितलं. “साळुंखे,” ते म्हणाले, “वरून काय सुंदर दिसत असू आपण!”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण सवय ती सवय, हेड काउंट घेतला. एक माणूस कमी. परत मोजलं, एक कमीच. आमची सगळ्यांची नजर एकदमच कॅन्टीनकडे गेली.

मी धावत आत शिरलो. दिवे बंद. गॅसचा कॉक बंद. खिडक्यांना कांद्याच्या गोण्या लावलेल्या. वनिताताई ओट्याखाली, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हात कानांवर. नोटिशीत लिहिलेलं सगळं तंतोतंत त्यांनी केलं होतं, आणि नोटीस त्यांनी वाचलेलीच नव्हती. रेडिओवर ऐकून पाठ केलं होतं.

“सुरू झालं का, भाऊ?”

“नाही हो ताई! सराव होता. बोर्डावर लावलं होतं ना!”

त्या बाहेर आल्या. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “तिकडं पन सायरन वाजत असंल ना? तुरुंगात ओट्याखाली जायला मिलतं का?”

मी म्हटलं, “चला, बाहेर मोजणी चाललीय.”

मैदानात सुभेदार वाट बघत होते. “सापडल्या? कुठे होत्या?”

“ओट्याखाली.”

“म्हणजे एकशे साठ खलास,” ते म्हणाले, “आणि एक वाचली!”

मॅनेजरसाहेब जोरात हसले. मी रिपोर्ट लिहिला, ‘सराव यशस्वी.’

*

दुसऱ्या दिवशी अंकिताने खैरनारचा नकाशा बघितला आणि विचारलं, “सगळं त्यांच्याकडचंच काय मांडलंय? आपण हल्ला केल्यावर ते कुठे करतील, ते मांडा ना!”

“ते काय करणार! त्यांच्यात दम आहे का? आणि सीमा किती लांब!”

अंकिताने ताटातली लिंबाची फोड उचलून ताटाच्या डाव्या काठाशी ठेवली. “हा आपला तारापूरचा पॉवर प्लांट.” मग भाताची पाच शितं मोजून लिंबाला लागून ठेवली. “आणि हे आपण. जेवतोय.”

खैरनारने नकळत बोटाने ती शितं जरा लांब सरकवली.

“स्केल बिघडवू नका,” अंकिता म्हणाली, आणि शितं परत लिंबाशी आणली.

दोन दिवसांनी खैरनारचा रजेचा अर्ज आला. चार दिवस, कारण ‘घरगुती’. बायकोला आणि दोन्ही मुलींना जळगावला पोचवायचं होतं. त्याची बिल्डिंग अर्धी रिकामी झाली होती म्हणे, कुणी नाशिकला, कुणी लातूरला.

सुभेदारांनी त्याला गेटवरच गाठलं. “काय खैरनार, सीमा लांब आहे म्हणत होतात!”

“सीमा लांबच आहे हो,” खैरनार बॅग सावरत म्हणाला, “लिंबू जवळ आहे!”

हसला तो, पण डोळ्यांत झोप नव्हती. मुलींना सोडून एकटाच परत आला, आणि मग घरी जायला कंटाळून शिफ्ट संपल्यावरही कॅन्टीनमध्ये बसून राहायला लागला.

*

त्या दिवसांत गेटवर कडक तपासणी सुरू झाली. वर्षानुवर्षं ज्यांना रोज ‘या या’ म्हणायचं, त्यांच्याही पिशव्या उघडा. सुभेदार स्वतः उभे राहायचे. मिश्राजींचा डबासुद्धा उघडून बघितला. “बैंगन है, साहब,” मिश्राजी म्हणाले, “फटेगा नहीं.”

रांगेत वनिताताई, त्यांच्या मागे खैरनार, त्याच्या मागे मी. सुभेदारांनी वनिताताईंची पिशवी उघडली आणि त्यांचा हात थबकला.

मला मागून दिसलं. एक जुना लिफाफा. त्यावर त्या देशाचं तिकीट!

जयवंतचं मागचं पत्र असणार, ताई ते बरोबर घेऊन फिरायच्या. पण त्या आठवड्यात तसलं तिकीट कुणाच्या पिशवीत सापडलं, आणि तेही पॉवर प्लांटपासून एवढ्या जवळ, तर लोक आधी बोंब मारतील आणि मग वाचतील.

सुभेदारांनी लिफाफा उलटा केला. तुरुंगाचा शिक्का बघितला. वरचं नाव वाचलं. मग अगदी हळू विचारलं, “किती दिवस?”

“दोन वर्सं सात महिने,” वनिताताई म्हणाल्या.

“काय सापडलं? काय सापडलं?” खैरनार मान उंचावून ओरडला.

सुभेदारांनी लिफाफा तळाशी सारला आणि पिशवी बंद केली. “सुके बोंबील आहेत,” ते म्हणाले. “वास घ्यायचाय?”

*

दोनच दिवसांनी दांडीच्या बोटी किनाऱ्याला लागल्या. समुद्रात जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. पुरुषमाणसं दिवसभर वाळूत बसून जाळी विणत होती.

त्या दुपारी वनिताताई माझ्या वाटीत डाळ वाढायला लागल्या आणि थांबेचनात. वाटी भरली, डाळ ताटात आली, भात बुडाला.

“ताई, बास! बास!”

“साळुंखेवर आज मेहेरबानी आहे!” खैरनार ओरडला. “आम्ही काय पाप केलंय?”

वनिताताई वाकल्या, ताटाच्या कडेची डाळ फडक्याने पुसत माझ्या कानाशी म्हणाल्या, “मच्छीमार सोसायटीतून फोन आलता. सीमेवरचं फाटक बंद केलंय. यादी थांबली, भाऊ.”

मी ती सगळी डाळ संपवली. चव कळली नाही.

*

आणि मग ती सकाळ आली. टीव्हीवर तेच चाललं होतं, आपली विमानं गेली, पलीकडे जाऊन मारून आली. कारखान्यात त्या दिवशी काम काय झालं देव जाणे. दुपारी कॅन्टीन गच्च भरलं. कुणी जिलेबी आणली होती. खैरनार टेबलापाशी बसलाच नाही, उभा राहिला. दुसऱ्या टेबलांवरची माणसंही भोवती जमली. खैरनारचे डोळे भरले होते, हे मी कबूल करतो. माझेही भरले होते. मेलेल्यांची आठवण सगळ्यांनाच होती.

नकाशा मांडलेलाच होता. खैरनारने चमचा उचलला. “हे मीठ!” टोला बसला, डबी आडवी झाली, मीठ सांडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“धीरज रखिए, खैरनारजी,” मिश्राजी म्हणाले. त्यांचं कोण ऐकतोय!

“आता राहिलं काय?” खैरनार ओरडला.

“बरणी!” चारपाच जण ओरडले.

“बरणी! हे बंदर, हे अख्खं शहर! शिल्लकच ठेवायचं नाही! नाव नको, निशाणी नको, कुत्रंसुद्धा वाचता कामा नये तिथलं!” त्याने चमचा बरणीच्या लाल झाकणावर आपटला. “एक!”

लोक ओरडले, “एक!”

“दोन!”

मी सुभेदारांकडे बघितलं. सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. दोघांनाही माहीत होतं आणि दोघेही बसून होतो.

खैरनारने तिसऱ्यांदा चमचा वर नेला. तेवढ्यात गर्दीतून एक हात आला आणि बरणी टेबलावरून उचलली गेली.

वनिताताई होत्या. डाळीचं भांडं त्यांनी जमिनीवर ठेवलं होतं. बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

“अहो ताई, काय हे! ठेवा खाली,” खैरनार हसतच म्हणाला. “नकाशा आहे तो!”

“म्हायती हाय. तुमीच सांगितलं ना, बंदर हाय म्हनून.”

“मग?”

“ह्याच्यात माजा मानूस हाय.”

टीव्ही चालू होता. जिलेबीचा कागद कुणाच्या तरी हातात तसाच राहिला. अंकिताने तोंडावर हात धरला. खैरनारने माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. त्याने सुभेदारांकडे बघितलं. सुभेदारांनी त्या दिवशी ‘किती दिवस?’ असं विचारलं नाही.

खैरनारचा हात चमच्यासकट वरच राहिला होता. मग तो सावकाश खाली आला. त्याने चमचा ठेवला. आडवी पडलेली मिठाची डबी उभी केली. सांडलेलं मीठ बोटांनी गोळा करायला लागला, ते काही गोळा होईना.

“ताई,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच या माणसाला वॉकीटॉकी लागेल असा आवाज निघाला. “झाकण नीट लावा.”